सिग्नल किती चांगला आणि त्यातून डेटा किती जाईल, हे प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटरवर स्वतः काढायचं कसं

वायफायच्या अ‍ॅपमध्ये −६७ डीबीएम दिसतं, मोबाइलच्या सर्व्हिस मेन्यूत आरएसआरपी (४जी सिग्नलची ताकद) −१०० दिसतं, आणि त्या आकड्याचं पुढे करायचं काय हे कोणी सांगत नाही. नेटवर "−७० च्या वर म्हणजे चांगलं" असली कोष्टकं ढिगाने आहेत पण ती कुठल्या बँडविड्थसाठी (म्हणजे चॅनेलच्या रुंदीसाठी), किती नॉइज (नको असलेली खरखर) धरून, याचा पत्ता नसतो. हे गणित कॅल्क्युलेटरवर मिनिटभराचं आहे, आणि एकदा प्रोग्रॅम टाकून ठेवला की फक्त आकडे भरायचे. ईअँडटीसीवाल्यांनी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) हे कम्युनिकेशनच्या पेपरात केलेलं असतं, पण तिथे प्रश्नातच सगळे आकडे तयार दिलेले असतात म्हणून खरी गंमत तिथे कळतच नाही.

कॅल्क्युलेटर कुठला

खिसा हलका न करता सुरुवात करायची तर फोनवर फ्री४२ टाका. फुकट आहे, जाहिराती नाहीत, १९८८ साली आलेल्या एचपी-४२एसची हुबेहूब नक्कल आहे. स्विसमायक्रोजचं डीएम४२ हे हातात धरायचं यंत्रसुद्धा आतून हेच चालवतं, पण त्याची किंमत बघून मग ठरवा. यात आकडे आधी टाकायचे आणि क्रिया नंतर, म्हणजे २ एंटर ३ अधिक असं. पहिले दोन दिवस वैताग येतो, नंतर कंसवाला कॅल्क्युलेटर हातात घ्यायला नको वाटतं.

ज्यांच्याकडे कॅसिओ एफएक्स-९९१ आहे (म्हणजे जवळपास सगळेच) त्यांचंही काम होतं, तो प्रोग्रॅमेबल नसला तरी त्यात कॅल्क नावाची की आहे, खाली सांगतो. आणि हो, बहुतेक परीक्षांत प्रोग्रॅमेबल चालत नाही आणि गेटमध्ये तर स्क्रीनवरचाच वापरावा लागतो, त्यामुळे हा सगळा खटाटोप कामासाठी आणि स्वतःच्या समजुतीसाठी.

कीची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, यंत्रावर ती इंग्रजीत दिसतील, जुळवून घ्या.

आधी डेसिबलचा घोळ मिटवा

सगळ्यात जास्त उत्तरं इथे चुकतात. फॉर्म्युला सगळ्यांना पाठ आहे: कपॅसिटी = बँडविड्थ × लॉग२(१ + एसएनआर). क्लॉड शॅननने १९४८ च्या पेपरात मांडलेला. पण त्यातला एसएनआर (सिग्नल-टू-नॉइज रेशो, म्हणजे सिग्नल नॉइजच्या किती पट) हा साधा रेशो आहे, डीबी नाही. मीटर, मोडेम, अ‍ॅप सगळे डीबी दाखवतात आणि लोक तो ३० आकडा तसाच फॉर्म्युल्यात कोंबतात. ३० डीबी म्हणजे १००० पट. ३० कोंबलात तर लॉग२(३१) म्हणजे ४.९५ येतं, खरं उत्तर ९.९७ आहे, सरळ निम्मं झालं. उत्तर अगदीच वेडंवाकडं येत नाही म्हणून चूक लक्षातही येत नाही, हीच अडचण.

दुसरं म्हणजे १० की २०. पॉवरचा रेशो असेल तर १० लॉग, व्होल्टेजचा असेल तर २० लॉग. ऑसिलोस्कोपवर सिग्नल १ व्होल्ट आरएमएस आणि नॉइज २० मिलिव्होल्ट आरएमएस दिसला तर रेशो ५०, एसएनआर २० × लॉग ५० = ३३.९८ डीबी. १० ने गुणलंत तर १७ डीबी येईल आणि तुम्ही चांगल्या सर्किटला उगाच शिव्या घालत बसाल.

तिसरं, डीबीएम ही खरी पॉवर आहे (१ मिलिवॅटच्या तुलनेत), डीबी हा फक्त रेशो. डीबीएममधून डीबीएम वजा केलं की डीबी येतं. दोन डीबीएम कधीच सरळ बेरीज करायचे नाहीत, त्यावर पुढे वेगळा प्रोग्रॅमच आहे.

पहिला छोटा प्रोग्रॅम

शिफ्ट दाबून जीटीओ, मग टिंब टिंब, म्हणजे नवीन प्रोग्रॅमसाठी कोरी जागा मिळते. मग शिफ्ट आणि पीआरजीएम (रन-स्टॉप कीच्या वर लिहिलंय) दाबून प्रोग्रॅम मोडमध्ये जा. लेबल वगैरे गोष्टी शिफ्ट-३ वर पीजीएम-एफसीएन मेन्यूत मिळतात. आता ह्या ओळी:

लेबल "एसएचएन"
१०
÷
१०-चा-एक्स-घात (शिफ्ट लॉग)
१
+
एलएन
२
एलएन
÷
×
आरटीएन

वापरताना आधी बँडविड्थ हर्ट्झमध्ये, एंटर, मग एसएनआर डीबीमध्ये, आणि एक्सईक्यू (प्रोग्रॅम चालवायची की) करून एसएचएन. आत काय होतं बघा: वरचा डीबी आकडा १० ने भागून १० चा तेवढा घात घेतला म्हणजे रेशो झाला, त्यात १ मिळवला, नॅचरल लॉग घेतला, २ च्या नॅचरल लॉगने भागला म्हणजे लॉग२ झाला, आणि तोवर बँडविड्थ बिचारी स्टॅकमध्ये (टाकलेल्या आकड्यांच्या चळतीत) खाली थांबलेली असते, शेवटच्या गुणाकारात ती वर येते. कुठलंही व्हेरिएबल लागत नाही.

तपासायला जुनी टेलिफोन लाइन घ्या. ३०० ते ३४०० हर्ट्झ म्हणजे ३१०० हर्ट्झ बँडविड्थ, एसएनआर ३० डीबी. ३१०० एंटर ३० एसएचएन. ३०,८९८ यायला हवं, म्हणजे सुमारे ३०.९ केबीपीएस. नाही आलं तर पुढे जाऊ नका, ओळी परत बघा. बहुतेक वेळा १०-चा-एक्स-घात च्या जागी ई-चा-एक्स-घात दाबलेला असतो, दोन्ही की शेजारी आहेत.

आता हा आकडा खऱ्या मोडेमशी लावून बघण्यासारखा आहे. १९९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने आपल्याकडे इंटरनेट सुरू केलं त्या काळात बाहेर व्ही.३४ मोडेम २८.८ केबीपीएसला पोचलेले होते, नंतर ते ३३.६ झाले (त्याला लाइन ३० डीबीपेक्षा जरा चांगली लागते). म्हणजे डायलअपची ती कर्कश ट्याँ-ट्याँ ऐकणारी पिढी शॅननच्या छताला डोकं लावून बसली होती. मग ५६के कसं आलं? तर त्यात सर्व्हिस देणाऱ्याकडची बाजू पूर्ण डिजिटल केली, त्यामुळे त्या दिशेचा अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल रूपांतराचा नॉइजच गेला. फॉर्म्युला मोडला नाही, नॉइज बदलला. आणि म्हणून ५६ फक्त डाउनलोडला होतं.

कॅसिओवाल्यांनी

स्क्रीनवर हे टाइप करा: ए × लॉग(१ + १०^(बी ÷ १०)) ÷ लॉग(२). ए आणि बी हे अल्फा दाबून येतात. मग इक्वल्स न दाबता कॅल्क दाबा. ए विचारेल, बँडविड्थ द्या, बी विचारेल, डीबी द्या, उत्तर. परत कॅल्क दाबलं की परत विचारतं. मशीन बंद केली की फॉर्म्युला जातो, एवढीच खोट. ईएक्ससारख्या मॉडेलवर हवा तो बेस देता येणारा लॉग आहे, तो वापरलात तर शेवटचा भागाकार नको. निगेटिव्ह आकड्यासाठी कंसातली मायनस की, वजाबाकीची नाही.

काहीच हाताशी नसेल तर तोंडी हिशोब: एसएनआर १५ डीबीच्या वर असेल तर डीबीला ३ ने भागा, बँडविड्थने गुणा. ३० डीबी, ३१०० हर्ट्झ, म्हणजे ३१ हजार. चहाच्या टपरीवर वाद मिटवायला पुरतं.

दुसरा प्रोग्रॅम, यात नॉइजही आपणच काढायचा

खरी अडचण ही की एसएनआर कोणी देत नाही. मॅकवर ऑप्शन की दाबून वायफायच्या आयकॉनवर क्लिक केलं की सिग्नल आणि नॉइज दोन्ही दिसतात, पण अँड्रॉइड अ‍ॅप बहुधा फक्त सिग्नल दाखवतं. नॉइज आपण काढू शकतो कारण त्याचा तळ निसर्गाने ठरवलेला आहे. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये दाखवून दिलं की गरम असलेल्या प्रत्येक रेझिस्टरमध्ये नॉइज असतोच, आणि तो बोल्ट्झमनचा स्थिरांक × तापमान × बँडविड्थ एवढा. २९० केल्विनला, म्हणजे १७ डिग्रीला, तो १ हर्ट्झमागे −१७४ डीबीएम. आता कोणी म्हणेल १७ डिग्री कुठे असतं, नागपुरात मे महिन्यात ४५ असतं. बरोबर, पण ३१८ भागिले २९० चा लॉग घेतला तर फरक पडतो ०.४ डीबी. सोडून द्या.

त्यात बँडविड्थचा १० लॉग मिळवायचा आणि रिसिव्हर स्वतः जो नॉइज घालतो तो, म्हणजे नॉइज फिगर, मिळवायचा. वायफायला मी ७ डीबी धरतो, चांगल्या यंत्रात कमी असतो. खाली बी म्हणजे बँडविड्थ, एनएफ म्हणजे नॉइज फिगर, एस म्हणजे सिग्नल; एसटीओ म्हणजे साठवणं, आरसीएल म्हणजे परत मागवणं.

लेबल "सीएचएन"
इनपुट "बी"
इनपुट "एनएफ"
इनपुट "एस"
आरसीएल "बी"
लॉग
१०
×
आरसीएल "एनएफ"
+
१७४
−
एसटीओ "एन"
आरसीएल "एस"
एक्स-वाय-अदलाबदल
−
एसटीओ "एसएनआर"
व्ह्यू "एसएनआर"
स्टॉप
आरसीएल "एसएनआर"
१०
÷
१०-चा-एक्स-घात
एलएन१+एक्स
२
एलएन
÷
आरसीएल "बी"
×
एसटीओ "सी"
व्ह्यू "सी"
आरटीएन

स्टॉपनंतर एसएनआर परत मागवलाय तो मुद्दाम, कारण मध्ये थांबल्यावर माणूस हमखास काहीतरी वेगळी बेरीज करून बघतो आणि स्टॅक हलतो. पुढे जायला रन-स्टॉप दाबायचं. एलएन१+एक्स हे फंक्शन कॅटलॉगमध्ये शोधावं लागेल, ते १ मिळवून लॉग घेण्याचं काम एका फटक्यात करतं आणि एसएनआर अगदी बारीक असला तरी अचूकता जात नाही. डिस्प मेन्यूतून ईएनजी ३ लावून ठेवा, म्हणजे उत्तर १७९.४ ई६ (१७९.४ × १०^६) असं दिसेल आणि शून्यं मोजावी लागणार नाहीत.

बँडविड्थ नेहमी हर्ट्झमध्ये, २० मेगाहर्ट्झ म्हणजे २० ई ६. इथे नुसते २० टाकलेत तर नॉइज ६० डीबीने खाली जातो आणि एसएनआर ८७ वगैरे येतो. ८० च्या वरचा एसएनआर वायरलेसमध्ये दिसला की समजायचं, युनिट गंडलंय.

वायफाय, २० मेगाहर्ट्झ, एनएफ ७, सिग्नल −६७ (६७ टाइप करून मग प्लस-मायनस की). नॉइज येतो −९३.९९, एसएनआर २६.९९, कपॅसिटी १७९.४ एमबीपीएस. पण वायफाय ५ मध्ये २० मेगाहर्ट्झवर एका स्ट्रीमचा (एकाच वेळी जाणाऱ्या डेटाच्या एका प्रवाहाचा) सगळ्यात वरचा रेट ८६.७ आहे, आणि त्यातही प्रत्यक्ष फाइल डाउनलोडला निम्मा ते दोन तृतीयांश हाताला लागतो, बाकीचा वेळ वाट बघण्यात, पावत्या देण्याघेण्यात आणि हेडरमध्ये जातो. कपॅसिटी हे छत आहे, स्पीड टेस्टचा अंदाज नाही. दोन अँटेना दोन स्ट्रीम असतील तर छत वेगळं, तिथे प्रत्येक स्ट्रीमचा एसएनआर वेगळा धरून बेरीज करावी लागते.

बँडविड्थ डबल केली की स्पीड डबल?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, माझ्या मते अख्ख्या विषयाचं सार यात आहे. वरच्याच प्रोग्रॅममध्ये बी ४० ई ६ करा, बाकी तसंच ठेवा. कपॅसिटी ३१८.९. डबल म्हणजे ३५८.७ हवं होतं, ते नाही आलं, कारण बँडविड्थ वाढली तसा नॉइज पण ३ डीबी वाढला. तरी सिग्नल तगडा आहे म्हणून फायदा मोठा आहे.

आता सिग्नल −९० करा, म्हणजे दोन भिंती आणि एक फ्रिज ओलांडून पलीकडच्या बेडरूममध्ये. २० मेगाहर्ट्झला ३६.२ एमबीपीएस. ४० ला ४६.९. ८० ला ५६.१. १६० ला ६२.९. बघा, बँडविड्थ आठपट केली आणि पदरात पडलं पावणेदोन पटही नाही. आणि अनंत बँडविड्थ दिली तरी ७२.३ च्या वर जाता येत नाही. हा शेवटचा आकडा काढायला सिग्नलला १ हर्ट्झमागच्या नॉइजने भागायचं (इथे −९० वजा −१६७, म्हणजे ७७ डीबी, ५.०१ × १०^७) आणि १.४४ ने गुणायचं. १.४४ म्हणजे १ भागिले एलएन २. तर दुकानदार "१६० मेगाहर्ट्झवाला घ्या साहेब" म्हणतो तेव्हा राउटरच्या खोलीत बसणाऱ्याला ते खरं आहे आणि पलीकडच्या खोलीतल्याला जवळपास निरर्थक. त्याला दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट हवाय, रुंद चॅनेल नकोय.

शेजाऱ्याचा राउटर

सोसायटीत खरा शत्रू उष्णतेचा नॉइज नसतो, शेजाऱ्याचं वायफाय असतं. दोन डीबीएम मिळवायचा प्रोग्रॅम:

लेबल "बेर"
१०
÷
१०-चा-एक्स-घात
एक्स-वाय-अदलाबदल
१०
÷
१०-चा-एक्स-घात
+
लॉग
१०
×
आरटीएन

तुमचा सिग्नल −६०, नॉइज −९३.९९, त्याच चॅनेलवर शेजारी −८०. दोन्ही मिळवले तर −७९.८३, म्हणजे तळाचा नॉइज असून नसल्यासारखा. एसएनआर ३४ होता तो आता १९.८ झाला, कपॅसिटी २२६ वरून १३२ एमबीपीएस. एक पुस्ती जोडतो, वायफायमध्ये राउटरला शेजारी ऐकू आला तर तो आधी थांबतो, दोघं आळीपाळीने बोलतात, त्यामुळे प्रत्यक्षात नुकसान नॉइजच्या रूपात नाही तर वेळेच्या वाटणीत होतं. हे गणित लागू पडतं ते तुमच्या राउटरला ऐकू येत नाही पण तुमच्या लॅपटॉपला ऐकू येतं अशा शेजाऱ्याला. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ सोडून मधलेच चॅनेल लावणारे महाभाग असतात, ते अर्धे इकडे अर्धे तिकडे ऐकू येतात, त्यांचंही तेच.

मोबाइलचा आरएसआरपी

इथे एक खड्डा आहे. ४जीचा आरएसआरपी हा संपूर्ण चॅनेलचा सिग्नल नसतो, एका १५ किलोहर्ट्झच्या चिमुकल्या तुकड्याचा असतो. −१०० आरएसआरपी आणि बी मध्ये २० ई ६ टाकलंत तर एसएनआर −६ येतो आणि वाटतं की रेंजच नाही. बी १५ ई ३ टाका. नॉइज −१२५.२, एसएनआर २५.२, म्हणजे मस्त. पण हा शेजारचे टॉवर गप्प आहेत असं धरून. फोन जर एसआयएनआर (नॉइजमध्ये शेजारच्या टॉवरांचा त्रासही धरलेला एसएनआर) १२ दाखवत असेल तर तोच खरा, शेजारच्या टॉवरांनी १३ डीबी खाल्ले. मग पहिल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये १८ ई ६ एंटर १२. २० मेगाहर्ट्झच्या ४जी चॅनेलमध्ये प्रत्यक्ष १०० ब्लॉक म्हणजे १८ मेगाहर्ट्झच वापरात असतात. उत्तर ७३.३ एमबीपीएस, एका लेयरला (वायफायच्या स्ट्रीमसारखंच), आणि ते सेक्टरमधल्या सगळ्यांत वाटून.

एसएनआर निगेटिव्ह आला तर

घाबरू नका, जीपीएस रोज निगेटिव्हमध्ये चालतं. त्याच्या एल१ या फ्रिक्वेन्सीवरचा साधा नागरी सिग्नल जमिनीवर किमान −१२८.५ डीबीएम धरलेला आहे. बी २ ई ६, एनएफ ०, एस −१२८.५ टाका. एसएनआर −१७.५, म्हणजे सिग्नल नॉइजच्या खाली पार गाडलेला, आणि तरी कपॅसिटी ५०.७ केबीपीएस. त्यातून जीपीएस पाठवतं किती, तर सेकंदाला फक्त ५० बिट. छताच्या हजारपट खाली राहायचं आणि त्या बदल्यात खिशातल्या फोनच्या एवढ्याशा अँटेनाला पण काम जमवायचं, असा सौदा आहे तो.

मीटरवर दिसतं तो सिग्नल एकटा नसतो

स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर उभार नॉइजच्या १० डीबी वर दिसला तर एसएनआर १० नाही, कारण त्या उभारात नॉइज पण मिसळलेला आहे. डीबीचा रेशो करा, १ वजा करा, परत डीबी करा: ९.५४. मोठ्या आकड्यांना फरक नाही, २० चे १९.९६ होतात. पण ३ डीबी वर दिसला तर खरा एसएनआर शून्याच्या आसपास आहे, आणि तिथे हा फरक सोडून देता येत नाही.

उलटा प्रोग्रॅम

शेतातल्या घराला किंवा डोंगरापलीकडच्या शाळेला वायरलेस लिंक टाकायची असेल तर प्रश्न उलटा असतो: एवढा स्पीड हवा, सिग्नल किती लागेल?

लेबल "उलट"
÷
२
एक्स-वाय-अदलाबदल
वाय-चा-एक्स-घात
१
−
लॉग
१०
×
आरटीएन

आधी हवा तो स्पीड बिट्समध्ये, एंटर, मग बँडविड्थ. १०० ई ६ एंटर २० ई ६ उलट: १४.९१ डीबी. नॉइज −९३.९९ मध्ये मिळवला की सिग्नल −७९.१ डीबीएम लागेल. ४० मेगाहर्ट्झला ६.६८ डीबी, नॉइज तिथे −९०.९८, म्हणून सिग्नल −८४.३. रुंद चॅनेलला ५ डीबी कमीत काम भागतंय. हा झाला शॅननचा हिशोब, प्रत्यक्ष रेडिओला यावर आणखी ६ ते १० डीबी द्या, आणि लिंक कोकणात किंवा घाटात असेल तर पावसाने माजणाऱ्या झाडीसाठी वेगळे. लाइन ऑफ साइट मे महिन्यात बघून डिश लावणारे जुलैत परत शिडीवर चढतात.